वायच पाझरता

आचऱ्यापासून देवबागपर्यंत कुठल्याही वाडीत जुन्या बुलेटचा मालक शोधायचा असेल तर पत्ता विचारत बसू नये. खळ्याकडे बघावं. जांभ्याच्या चिऱ्यावर बशीएवढा काळा, तुकतुकीत डाग दिसला की घर तेच. जांभा मुळात सच्छिद्र. एकदा प्यायलेलं तेल तो परत देत नाही. शेणाने सारवा, सोडा टाकून काथ्याने घासा, वर नवी माती ओढा, चार उन्हं पडली की डाग पुन्हा हजर. भावाभावांत घर वाटलं जातं, माड वाटले जातात, हापूसची कलमं मोजून घेतली जातात. डागावर मात्र कोणी हक्क सांगत नाही.

डागाच्या धन्याचं कागदोपत्री नाव काहीही असो, वाडीत त्याला भाऊ म्हणतात. वय साठीच्या पलीकडे, नोकरी संपलेली, पेन्शन चालू. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, एके काळी पांढरा. नखांच्या कडेला काळी रेघ. ती साबणाने जात नाही आणि भाऊंना ती जायला नकोच असते. खिशात दोन फडकी, डाव्या खिशातलं तोंडासाठी आणि उजव्यातलं इंजिनासाठी. लग्नसमारंभाच्या गर्दीत ही वाटणी कधीतरी चुकते. मग नवऱ्याच्या मामाशी बोलताना भाऊंच्या कपाळावर २० डब्ल्यू ५० चा टिळा असतो, आणि मामांना वाटतं, गृहस्थ रामेश्वराला जाऊन आलेले दिसतात.

भाऊंना घरी बोलावणाऱ्यांनी आपापला बंदोबस्त करून ठेवलेला असतो. लग्नघरी मांडवाच्या टोकाला जे गोणपाट अंथरलेलं असतं ते पाय पुसायला नसतं, भाऊंच्या गाडीसाठी असतं. नवी फरशी घातलेल्या हॉटेलासमोर गाडी थांबली की मालक गल्ला सोडून कालचा पेपर घेऊन धावतो. भाऊ तो हातातून घेतात आणि वाचायला लागतात. ज्या चाकरमान्याने निवृत्तीनंतर गावात बंगला बांधून अंगणात रंगीत पेव्हर ब्लॉक बसवले, तो सत्यनारायणाचं आमंत्रण देतानाच हात जोडतो. "भाऊनू, चलत येवा हां. तब्येतीक बरा."

आणि एवढं असून कोणी तोंडावर विचारलंच, की भाऊ, गाडी गळते का, तर भाऊ आधी विचारणाऱ्याकडे बघतात, मग गाडीकडे, मग परत विचारणाऱ्याकडे.

"गळता खय? वायच पाझरता."

तेवढ्यात खाली टप्पकन एक थेंब पडतो. भाऊ त्यावर पाय ठेवतात.

हा विषय जरा लांबला की भाऊ थेट विलायतेला जातात. इंग्लंडात रेडिच नावाचं गाव. तिथे रॉयल एन्फिल्डचा कारखाना. आपल्या लष्कराला सरहद्दीवर गस्त घालायला दणकट मोटारसायकल हवी होती, ती निवडताना बुलेट निवडली गेली आणि १९५५ साली मद्रासेत एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. हे सांगताना भाऊंच्या चेहऱ्यावर असा भाव असतो, की इंग्रजांना आपण १९४७ मध्ये घालवलं ते अर्धवट होतं, उरलेलं काम बुलेटने केलं. १९९४ मध्ये कंपनी ट्रॅक्टरवाल्या आयशरकडे गेली, तेव्हा भाऊंना ते सोयरीक न पटलेल्या काकासारखं लागलं होतं, असं वहिनी सांगतात. मधल्या काळात डिझेलवर चालणारी बुलेटही निघाली होती. तिचा विषय भाऊंसमोर काढू नये. भाऊंच्या मते डिझेल होडीत घालायचं असतं.

भाऊंची स्वतःची गाडी सिंधुदुर्ग जिल्हा होण्याआधीची. जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, त्याआधी सगळं रत्नागिरीत. त्यामुळे तहसीलदार असोत की आरटीओचे साहेब, भाऊ प्रत्येकाला एकदा तरी ऐकवतात, की तुमचं ऑफिस नव्हतं तेव्हा ही गाडी होती. इंजिन ३४६ सीसीचं, पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि धाव ९०. ब्लॉक बिडाचा. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. ही उजव्या पायाची गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याने गाडी मागू नये. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या पुतण्याने मागितली. खळ्यातून बाहेर पडून उतारावर त्याने ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला. गाडीने आज्ञाधारकपणे वरचा गिअर घेतला आणि शेजाऱ्यांच्या माडाच्या आळ्यात जाऊन उभी राहिली. पुतण्याला फार लागलं नाही. भाऊ धावत गेले, गाडीखाली वाकून बघितलं, बोट लावून हुंगलं आणि सुटकेचा श्वास टाकला. "नवा काय नाय. जुन्याच जागेवरसून येता."

हे हुंगणं म्हणजे भाऊंची खास विद्या. जुन्या बुलेटमध्ये तेलाची बिऱ्हाडं तीन. इंजिनाचं वेगळं, क्लचच्या बाजूच्या चेन-पेटीतलं वेगळं, गिअर पेटीतलं वेगळं. जमिनीवर पडलेला थेंब एकच, पण तो कुठल्या बिऱ्हाडातून निघाला हे आधी ठरवावं लागतं. भाऊ थेंब तर्जनीवर घेतात, अंगठ्याने चोळतात, दोन्ही बोटं हळूच दूर करतात आणि मधली तार उजेडात धरतात. तार तुटायला वेळ लागला तर गिअर पेटी. काळं आणि जळकट वासाचं असेल तर इंजिन. पातळ असून क्लचच्या प्लेटांचा करपट वास असेल तर चेन-पेटी, आणि मग ते चेन-पेटीच्या कव्हरचा एकुलता एक नट आणखी थोडा आवळतात. अख्खं कव्हर त्या एका मधल्या नटावर. तो जास्त आवळला की कव्हर मधून दबतं, कडेचं रबर एका बाजूला सुटतं आणि थेंब वाढतात. थेंब वाढले की भाऊ नट आवळतात.

भरडावरच्या चहाच्या टपरीवर या गळतीवर जेवढी चर्चा झाली आहे तेवढी मालवणच्या कुठल्याही सार्वजनिक प्रश्नावर झाली नसेल. निवृत्त एसटी ड्रायव्हर, वेल्डर, होड्या बांधणारे सुतार आणि एक हायस्कूलचे इतिहासाचे मास्तर असे चौघे कायमचे सदस्य. बाकीचे येऊन-जाऊन.

ड्रायव्हरांचं म्हणणं एकच, चाळीसच्या वर नेऊ नका. भाऊंची गाडी गेली काही वर्षं चाळीसच्या वर गेलेली नाही हे त्यांना कोणी सांगत नाही. वेल्डरचा उपाय मूलगामी. "सगळा सांधा वेल्डिंग मारून बंद करून टाकूया." मग उद्या इंजिन उघडायचं झालं तर? "उघडूचा कित्याक?" सुतारांनी आयुष्यभर फळीला फळी जोडून दर्यात सोडलेली. त्यांच्या मते सांध्यात कापूस ठोकावा, वर राळ भरावी आणि बाहेरून काजूच्या टरफलाचं डिंबेल दोन हात मारावं. होडीत पाणी येत नाही तर इंजिनातून तेल कसं जाईल? मास्तर सगळ्यांचं ऐकून घेतात आणि शेवटी बोलतात. १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी झाली, तेव्हा पायाच्या दगडांत शिसं ओतल्याचं सांगतात. साडेतीनशेच्या वर वर्षं झाली, समुद्र रोज धडका देतो, पाया हललेला नाही. "तेव्हा भाऊ, शिसं ओता." यावर कोणी हसत नाही. महाराजांचा विषय, आणि शिवाय वेल्डर गंभीरपणे शिशाचा दर विचारत असतो.

हे सगळे उपाय बाहेरून बंद करण्याचे आहेत. आतलं तेल बाहेर यायला का निघालं, हा प्रश्न त्या बाकड्यावर कधी आला नाही. आला असता तर चहाचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्नही लगेच आला असता.

त्यातल्या त्यात शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे पॅकिंग. दोन लोखंडी अंगं एकमेकांवर बसवताना मधे जो कागद किंवा बूच लागतं ते पॅकिंग. तयार मिळतं, पण भाऊंना विकतच्या पॅकिंगचा कागद हलका वाटतो. ते घरी कापतात. इंजिनाच्या तोंडावर कागद धरायचा आणि लहान गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टिकटिक ठोकत जायचं. धातूची कडच कागद कापते, बोल्टची भोकंही आपोआप पडतात. बघत राहावं असं काम. रविवारी सकाळी पडवीतून ही टिकटिक ऐकू आली की शेजारी समजतात, पत्रिका कामाला लागल्या.

पत्रिका म्हणजे लग्नाच्या. वैशाखात घरोघर वीस-पंचवीस येतात, एकीपेक्षा एक जाड. भाऊ पत्रिका हातात घेतली की तारीख नंतर बघतात, आधी अंगठ्याने जाडी बघतात. ज्या घरची पत्रिका टाइमिंग कव्हरला बसली त्या घरच्या आहेराचं पाकीटही जाड. तुळतुळीत मुलाम्याचा कागद तेल पिऊन फुगतो, गरम होऊन करपतो आणि कडेने भुगा होऊन पडतो, हे भाऊंच्या लक्षात यायला बरेच लग्नसराईचे हंगाम गेले. ज्यांच्या पत्रिकांची पॅकिंगं झाली त्यांचे संसार सुखाचे चालले आहेत, एकाला तर जुळी झाली. पॅकिंग एकही टिकलं नाही.

कागदानंतर करडं सिलिकॉन आलं. ट्यूबमधून पिळायचं, दहा मिनिटं थांबायचं, कव्हर बसवायचं. हे पातळ लावायचं असतं. भाऊ ते पुरणपोळीत पुरण भरावं त्या सढळ हाताने लावत, आणि बाहेर आलेलं बघून वहिनी म्हणत, "जेवढा बाहेर इला, तेवढाच आत गेला आसतला." वहिनींना इंजिनातलं काही कळत नाही, असं भाऊंचं मत. आत गेलेला सिलिकॉनचा लांबट तुकडा तेलाच्या बारीक वाटेत जाऊन बसला आणि वरच्या रॉकरला तेल पोचेना, तेव्हा गाडी टकटकायला लागली. गॅरेजवाल्याने चिमट्याने तो तुकडा काढून भाऊंच्या तळहातावर ठेवला. भाऊंनी तो निरखला आणि म्हणाले, माल चांगला आहे, बघ, तुटला नाही.

मग रॉकर कव्हरचे आटे गेले. हेही त्याच 'अजून वायच'मुळे. कव्हर कडेला बोल्टांनी दाबलं की मधला भाग किंचित उचलतो. तिथून तेल येतं. म्हणून बोल्ट आणखी आवळायचा, म्हणजे मधला भाग आणखी उचलतो, आणि एका क्षणी पान्याचा हात एकदम हलका होतो. तो हलकेपणा ज्याने अनुभवला आहे त्यालाच त्यातलं दुःख कळेल. भाऊ पाना तसाच धरून काही वेळ बसून राहिले. मग कोल्हापूरला जायचं ठरलं.

कोल्हापूर म्हणजे सिंधुदुर्गातल्या यंत्रांचं शेवटचं मोठं हॉस्पिटल. जे कुडाळला होत नाही ते तिथल्या शिवाजी उद्यमनगरात होतं. पंप असो, लेथ असो, उसाचा चरक असो. भाऊ कसाल, कणकवली करत फोंडा घाट चढून राधानगरीच्या वाटेने गेले, गाडीवरूनच. तिथला टर्नर म्हातारा आणि अबोल. त्याने जाड काच आडवी ठेवली, वर बारीक पॉलिश पेपर, त्यावर दोन थेंब तेल, आणि कव्हर उपडं ठेवून इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवायला लागला. थोड्या वेळाने उलटं करून दाखवलं. जिथे घासलं गेलं तिथे चकाकी, मधे काळा खळगा. म्हणजे एवढा भाग टेकतच नव्हता. पुन्हा फिरवलं. खळगा लहान झाला. पुन्हा. शेवटी सगळी कड एकसारखी उजळली. आटेही त्याने नवे पाडून दिले. कव्हर कागदात गुंडाळताना त्याने सहज विचारलं, "नळी मोकळी हाय न्हवं?" भाऊंचं लक्ष तेव्हा पोटाकडे होतं. ते हाय म्हणाले आणि तांबडा-पांढरा रस्सा जेवायला गेले.

परतीच्या वाटेवर राधानगरीपर्यंत इंजिन कोरडं. दाजीपूरला कोरडं. घाट उतरून फोंड्याला चहाला थांबले, तर टपरीवाल्याने कालचा पेपर आणून खाली ठेवला.

आता पावसाचं सांगायला हवं, कारण अर्धा घोटाळा त्यात आहे. मालवणी पावसात भाऊ गाडी काढत नाहीत. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने मिळून स्पोकांचं जे होतं ते त्यांना बघवत नाही. मृगापासून गाडी पडवीत ताडपत्रीखाली, ती चतुर्थीच्या आधी आठवडाभर बाहेर येते. या इंजिनात तेलाची टाकी वेगळी नसते, इंजिनाच्याच ओतीव अंगात मागच्या बाजूला पोकळी असते, आणि एक पंप तिथून तेल उचलतो, दुसरा खाली जमलेलं परत तिथे पोचवतो. गाडी दोन-अडीच महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत खाली क्रँकच्या पेटीत उतरतं. बाहेर गेलेलं नसतं, फक्त खालच्या मजल्यावर असतं. भाऊ चतुर्थीच्या तोंडावर पट्टी काढून बघतात. पट्टी कोरडी. "बघ, सगळा गळान गेला." आणि वर लिटरभर नवं तेल ओततात. सगळी मिळून जागा सव्वादोन लिटरच्या आसपास. मग भाऊ डिकॉम्प्रेसर दाबतात, अँपिअरचा काटा मधे आणतात, किक मारतात, आणि पंप खालचं तेल इमानाने वर पाठवतो. आधीचं अधिक नवीन. त्याला राहायला जागा नाही. ते मिळेल त्या फटीतून निघतं. धूर एवढा येतो की शेजारच्या आजी गणपती आधीच आले समजून हात जोडतात.

वहिनींनी मात्र या सगळ्यातून संसार चालवलेला आहे. गाडीखाली त्यांनी ॲल्युमिनियमची एक चेपकी परात ठेवली. मासळीच्या परातीत ती कधी मिसळत नाही, इतकी जरब त्यांनी घरात ठेवली आहे. परातीत जमलेलं तेल बरणीत जातं आणि बरणी वाडीभर फिरते. कोणाला मांगराच्या वाशांना वाळवीसाठी लावायचं असतं, कोणाला रहाटाच्या आसाला, कोणाच्या फाटकाच्या बिजागऱ्या कुरकुरतात. बदल्यात अळू येतं, कधी शेवग्याच्या शेंगा, कधी चार तारल्या. भाऊंनी तेलावर केलेल्या खर्चाचा हिशेब वहिनी कधी मागत नाहीत. शेंगांचा हिशेब भाऊंना कधी सांगत नाहीत.

गळती थांबली ती सर्जेकोटच्या मिस्त्रीमुळे. मिस्त्री बोटींच्या इंजिनांचा. पावसात मासेमारी बंद असते तेव्हा त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण सगळ्या ट्रॉलरांची इंजिनं त्याच दोन महिन्यांत उघडतात. बंदी उठून बोटी समुद्रात गेल्या की तो मोकळा. भाऊंच्या घरी तो आला होता वाशांना लावायला बरणी मागायला. परातीकडे बघून म्हणाला, "एवढा खयसून येता?" भाऊंनी रेडिचपासून सुरुवात केली. मिस्त्री उकिडवा बसला, आणि भाऊ १९५५ पर्यंत येईतो त्याने डिझेलमध्ये ब्रश बुडवून इंजिन धुवायला घेतलं होतं.

धुवून, पुसून, वारा देऊन इंजिन कोरडं झालं. भाऊंनीही बऱ्याच वर्षांत त्याचा खरा रंग बघितला नव्हता. मग मिस्त्रीने पावडर मागितली. कसली? तोंडाला लावायची. वहिनी आतून घामोळ्याच्या पावडरचा डबा घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मिस्त्रीने डबा उपडा करून इंजिनभर पावडर उडवली. फिन्स, टॅपेटचं झाकण, टाइमिंग कव्हर, सगळं पांढरं. रंगपटातून निघालेल्या दशावतारी नटासारखी बुलेट पडवीत उभी राहिली, आणि आळीतली पोरं कुंपणावर येऊन बसली. तेल वाऱ्याने मागे पसरतं, वजनाने खाली उतरतं, त्यामुळे थेंब पडतो तिथे भोक कधीच नसतं. पावडरवर मात्र पहिली ओली रेघ उमटते ती बरोबर उगमापाशी.

किक मारली. इंजिन ठोके देऊ लागलं. थोड्या वेळाने टॅपेटच्या झाकणाखाली करडी रेघ उमटली. भाऊ म्हणाले, "हयसून!" तोवर टाइमिंग कव्हरच्या कडेला दुसरी. मग रॉकरला. मग ब्लॉकच्या बुडाला. भाऊंचा आवाज चढत गेला. प्रत्येक रेघ म्हणजे त्यांच्या मताला मिळालेला पाठिंबा. "बघलंस? चारी बाजून येता! मी काय सांगत होतंय?"

मिस्त्री काही बोलला नाही. त्याने चालू इंजिनाच्या टाकीचं झाकण फिरवलं. आतून जोरात फुस्स झालं आणि तेलकट धुराचा लोट त्याच्या तोंडावर आला. झाकण उघडं असेपर्यंत रेघा पुढे सरकल्या नाहीत. त्याने इंजिन बंद केलं, हात पुसला आणि तो खाली, क्रँकच्या पेटीच्या अंगाला घातला. चाचपताना थांबला. मान वाकडी करून बॅटरीचा उजेड पाडला.

"भाऊनू, ह्या काय?"

पेटीतून बाहेर निघालेल्या एका आखूड नळीच्या तोंडावर सुपारीएवढा घट्ट, करडा गोळा होता. एम-सील. वर बोटांचे ठसे स्पष्ट. ठसे भाऊंचे.

"ता मियाच बंद केलंय," भाऊ म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. "सगळ्यात आधी थयसूनच तेल येय होता."

मिस्त्रीने भाऊंकडे बघितलं. "गाडयेचा नाक चेपलात. तिना श्वास खयसून घेवचो?"

ती नळी ब्रीदरची. पिस्टन खाली येताना सिलिंडरमधली ३४६ सीसी जागा सोडतो ती खालच्या पेटीतल्या हवेला दाबूनच. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला पन्नास वेळा हा दाब बसतो, आणि जुन्या रिंगांच्या कडेने उतरणारा जळका वायू त्यात भर घालतो. ही हवा जायला एक वाट ठेवलेली असते. नळीच्या तोंडाला मिटलेल्या ओठांचं रबर असतं, आतली हवा बाहेर सोडतं, बाहेरची आत घेत नाही. हवेबरोबर तेलाचं थोडं धुकं बाहेर येणारच. भाऊंनी ते धुकं बघितलं, गळती समजले आणि पहिलाच उपाय म्हणून नेमकी ती वाट लिंपून टाकली. तेव्हापासून हवा पॅकिंगमधून, सीलमधून, बुचातून, जिथे जागा मिळेल तिथून तेल घेऊन निघत होती. पत्रिका, सिलिकॉन, आटे, कोल्हापूर, सगळं त्यानंतरचं.

मिस्त्रीने करवतीच्या पात्याच्या तुकड्याने गोळा कापून काढला. नवं रबर आणलं, त्याला लांब नळी जोडली आणि नळीचं टोक कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत सोडलं, धुकं तिथे जमावं म्हणून. जादा तेल काढून टाकलं. पट्टी बघायची ती गाडी चालवून आल्यावर बघायची, आणि उभ्या गाडीची पट्टी बघून तेल ओतायचं नाही, हे त्याने भाऊंना सांगितलं नाही, वहिनींना सांगितलं. रबराला एका चहा-भज्यांएवढे पैसे पडले. बरणी मात्र त्याला रिकामी घेऊन जावी लागली, कारण तेवढ्या गडबडीत पोरांनी ती सांडली होती.

त्या चतुर्थीला परात कोरडी होती. भाऊ सकाळी उठून पहिल्यांदा गाडीखाली वाकत. काही नाही. चहा पिऊन परत वाकत. दुपारी खोबरेल लावलेल्या हाताने परातीवरून बोट फिरवत, ते तेलकट लागे, क्षणभर बरं वाटे, मग वास खोबऱ्याचा निघे. टपरीवर तर फार पंचाईत झाली. गाडी कशी आहे म्हटल्यावर भाऊ म्हणत, बरी आहे, आणि पुढे कोणालाच काही सुचत नसे. सुतार चहा अर्धा टाकून उठले. मास्तर पेपरात गेले. मांगराला वाळवी लागलेले शेजारी वहिनींना येऊन म्हणाले, भाऊंची तब्येत ठीक ना? खूप दिवसांत तेल नाही आलं. शेवग्याच्या शेंगा बंद झाल्या.

ही अवस्था टिकली असती तर भाऊ खचले असते. पण ते सावरले, आणि ज्या गोष्टीने घात केला होता तिलाच हाताशी धरून सावरले. पहिल्यांदा सांगताना ते म्हणाले, मिस्त्रीने ब्रीदर शोधला. नवरात्रात म्हणू लागले, आम्ही दोघांनी शोधला. दिवाळीला मुंबईचा पुतण्या आला तेव्हा त्याला कळलं, की भाऊंना पहिल्यापासून संशय होता, फक्त हात घालायला कोणीतरी बारीक मनगटाचं हवं होतं. आता जिल्ह्यात कुठेही, कसलंही, काहीही फुगलं, फुटलं, गळलं की भाऊंचं निदान तयार असतं. वहिनींच्या कुकरची शिटी वाजेना, ब्रीदर बघ. ग्रामपंचायतीची पाण्याची लाइन तिसऱ्यांदा फुटली, "ब्रीदर खय ठेवल्यानी?" ड्रायव्हरांचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तर भाऊ त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, मीठ बंद करून काय होणार, हवा जायला वाट नको? ड्रायव्हर हल्ली रोज संध्याकाळी एकटे चिवल्याच्या वाळूत फिरायला जातात आणि त्यांचं प्रेशर खरंच उतरलं आहे. त्यामुळे भाऊ आता आवरत नाहीत.

परवा संध्याकाळी धक्क्यावर लिलाव आटोपत आला होता. पुण्याहून आलेला एक तरुण कोरी करकरीत बुलेट उभी करून किल्ल्याचे फोटो काढत होता. गिअर डाव्या पायात, बटण दाबलं की चालू, आणि २०१० च्या आसपास बिडाची जुनी इंजिनं जाऊन एकसंध बांधणीची नवी आली त्यांच्याही पुढच्या पिढीतली. भाऊंनी तिच्याभोवती एक फेरी मारली. गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. उजव्या खिशातलं फडकं काढून इंजिनाच्या बुडावरून फिरवलं, उजेडात धरलं, हुंगलं. फडकं होतं तसंच.

"गळत नाय?"

"नाही काका," तो पोरगा हसत म्हणाला. "एक थेंबसुद्धा नाही."

भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरा नको रे झिला. नवी आसा. गळतली हळूहळू."